नाकवाल्या पिकअपचे बिछायतवाले मामू

आधी नाव सांगतो, मग बाकीचं. बिछायतवाले मामू, अचलपूर. आमची जुनी पिकअप भंगारात जाता जाता राहिली, ती या माणसामुळे. मदत करणारा म्हणजे गोड बोलणारा असेल असं कोणाला वाटत असेल, तर मामूंचा आवाज त्यानं ऐकलेला नाही. मामूंचा निरोप म्हणजे आधी लांबलचक खोकला, मग "सुन," आणि मग शिवीच्या अगदी काठापर्यंत नेऊन सोडलेली दोन-तीन वाक्यं. ते टाईप करत नसत, वाचतही नसत. दुसऱ्याकडून वाचून घेत आणि बोलून पाठवत. मागे मंडपाचे लोखंडी पाईप एकमेकांवर आपटत असत आणि मामींचा आवाज येत असे, "जेवण थंड होऊन राह्यलं!"

ते कोणालाच नावानं हाक मारत नसत. ज्याचं जे गाव, तेच त्याचं नाव. "ए दर्यापूर, तेल कधी बदलवलं?" "अकोला, तुमी मधात नका बोलू." मी चांदूर रेल्वेचा म्हणून मी चांदूर. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, कोण जाणे.

हे सगळं फोनवरच्या एका ग्रुपवर चालायचं. नाकवाली म्हणजे जिचं इंजिन ड्रायव्हरच्या बुडाखाली नसून पुढे लांब बॉनेटमध्ये असतं, ती पिकअप. तिचं बनणं कधीच बंद झालं. वऱ्हाडात जेवढ्या उरल्या, त्यांच्या मालकांना अकोल्याच्या नानांनी एका ग्रुपवर गोळा केलं. नाना भाजीवाले. मळाही त्यांचा, गाडीही त्यांची, आणि बोलणंही त्यांचंच. ग्रुपवर दोन तऱ्हेचे लोक होते. काही हौसेचे, रंग मारून गाडी मिरवणारे. बाकीचे आमच्यासारखे, नवी घेता येत नाही म्हणून जुनी ओढणारे. हौसेवाले फोटो टाकत, ओढणारे रडगाणं टाकत. आणि नाना रोज सकाळी गुलाबाचं फूल टाकत.

"अकोला," मामू म्हणत, "तुमच्या गुलाबानं माह्या फोनचं पोट फुगलं. गाडीचं काही असन तं बोला."

"मामू, सकाळी सकाळी राम राम तं घ्या!"

"घेतला. आता बॉनेट उघडा."

मामूंना एवढा वेळ कसा मिळतो याचं मला आधी नवल वाटे. अचलपुरात त्यांचं बिछायत केंद्र होतं. शामियाना, गाद्या, लोड, खुर्च्या, मोठ्या देगा, सगळं त्यांच्या नाकवालीतून गावोगावी जायचं. पण ती वर्षं वाईट होती. पाऊस एकदा पडून गेला की महिनाभर तोंड दाखवत नसे, कपाशीच्या बोंडात अळी निघे. लग्नं थांबली नव्हती, पण मंडपातून अंगणात आली होती. जिथे पूर्वी शामियाना जाई तिथे आता एक सतरंजी आणि थोड्या खुर्च्या. मामू स्वतःच सांगत, "रिकामा बसलो म्हून बोलून राह्यलो. नाई तं तुमच्यासारख्या गधड्यांले कोण विचारते?"

आमचं म्हणाल तर चांदूर रेल्वेपासून आत गाव, घरची फुलांची आणि भाजीची थोडी वाडी. बाबांनी ही पिकअप जुनीच घेतली आणि आजूबाजूच्या माळ्यांचा माल अमरावतीला नेऊ लागले. बाबांचे डोळे अधू झाले तेव्हा मी आठवीत होतो. शाळा सुटली आणि स्टिअरिंग हातात आलं. गाडीबद्दल मला जे येत होतं ते बाबांना पाहून. बाबांना येत होतं ते गाडी बंद पडल्यावर. म्हणजे आमचं शिक्षण सारखंच.

मग गाडी तापायला लागली. अमरावतीच्या अर्ध्या वाटेवर आलो की काटा लालात. रेडिएटर धुतला. मग रेडिएटरच बदलला. मग पाण्याचा पंप, पंख्याचा पट्टा. प्रत्येक मिस्त्री आधीच्या मिस्त्रीला मूर्ख ठरवून कामाला हात घाली आणि पुढच्याकडून मूर्ख ठरे. मी बॉनेट उघडून उन्हात उभा राही आणि मागे झेंडू. ज्यांनी झेंडू दाबून भरलेला पाहिला नाही त्यांना सांगतो, गाडी चालती असली तर त्याला वारा लागतो. थांबली की तो आतून तापतो. हात घातला तर वाफ लागते. बाजारात पोचेपर्यंत खालची फुलं काळी पडलेली असत. पुढे इंजिन तापलेलं, मागे फुलं तापलेली आणि मधात मी.

गणपतीत दोनदा असं झालं. माळ्यांनी तोंडावर सांगितलं, "दसऱ्याले असं केलं तं आमी दुसरी गाडी लावू. मंग तू राग नको मानू." राग कसला मानणार? बाबांनी तर बडनेऱ्याच्या भंगारवाल्याला सांगूनच ठेवलं होतं, दसरा झाला की ये, पाहू. गाडी गेली तर मी काय करणार होतो, हे कोणी मला विचारलं नाही. मी मात्र दिवसरात्र स्वतःला तेच विचारत होतो.

मग एक दिवस ग्रुपवर लिहिलं. उत्तरं धडाधड आली आणि सगळ्यांचं उत्तर एकच, "वॉल काढला का?"

हा वॉल काय ते सांगतो. इंजिनात पाण्याच्या वाटेवर एक झडप असते. कंपनीचे लोक तिला थर्मोस्टॅट म्हणतात. इंजिन थंड असेल तर ती बंद, गरम झालं की उघडते आणि पाणी रेडिएटरकडे सोडते. आमच्याकडे गाडी आली की मिस्त्री सगळ्यात आधी ती काढून फेकतो. ऊन एवढं, त्यात पाण्याला अडवणारी झडप ठेवायची कशाला? वऱ्हाडात हे कोणाला शिकवावं लागत नाही. आमच्या गाडीचाही वॉल कधीचाच काढलेला होता. तसं मी लिहिलं. सगळ्यांनी शाबासकीचे अंगठे टाकले. तेवढ्यात खोकला आला.

"सुन, चांदूर. कोणं सांगतलं वॉल काढाले? परत लाव."

नाना चूप बसणारे नव्हतेच. "मामू, तुमाले मेळघाटाची हवा लागते म्हून बोलता. मे महिन्यात अकोल्याले या. इथं माणसाले डोक्याचाबी वॉल काढून ठेवावा लागते!"

"तुमी तं काढूनच जन्मले, अकोला."

ग्रुप दिवसभर हसला. माझी गाडी अंगणात उभी होती. मला हसू येत नव्हतं.

मामूंची एक खोड होती. रोग सांगत नसत. आपल्यालाच शोधायला लावत. "वरच्या पाईपले हात लाव. खालच्या पाईपले लाव. बाजूनं एक लहान पाईप परत इंजिनात जाते, त्यालेबी लाव. काटा लालात असतानी कोणता गरम, कोणता थंड, ते सांग." मी म्हणालो, मामू, सरळ सांगा ना काय करू. "मी अचलपुरात हाय. हात तुह्या खांद्याले हायेत." मी हात भाजून घेतला आणि सांगितलं. वरचा गरम, लहान गरम, खालचा कोमट.

"पक्कं?"

"पक्कं."

"उद्या पुन्हा पाह्य."

मला रडू यायचं बाकी होतं. उद्या पुन्हा तेच निघालं. मग म्हणाले, पट्टा बदलवू नको, तेल बदलवू नको, पाण्यात काही टाकू नको. एका वेळी एकच गोष्ट. ती करून एक चक्कर मार, मग दुसरी. दसरा तोंडावर आलेला आणि हे एक-एक चक्कर सांगत होते! मी ग्रुपवरच लिहिलं, "मामू, इथं पोटाचा सवाल आहे आणि तुम्ही परीक्षा घेऊन राहिले." मला वाटलं, आता हा माणूस माझ्याशी बोलणार नाही. संध्याकाळी आवाज आला, तोच खोकला.

"परीक्षाच हाय, बेटा. दोन गोष्टी एका टायमाले बदलवल्या आन् गाडी बरी झाली, तं पुढच्या खेपेले कशानं बरी झाली ते कोणाले विचारशीन? आता ऐक. काटा लालात आन् खालचा पाईप कोमट. म्हंजे पाणी रेडिएटरमधी जातच नाई. आपल्या नाकवालीचा वॉल दोन कामं करते. वरची वाट उघडते तवा खालून लहान पाईपाची वाट बुजवते. तुमी वॉल काढला, लहान वाट उघडीच राह्यली. पाण्याले जवळची वाट भेटली तं ते लांबून कायले जाईन? गरमचं गरम फिरून राह्यलं. दुसऱ्या गाड्यांमधी चालत असन वॉल काढून. आपल्या गाडीत नाई चालत."

मला ते एका क्षणात पटलं. मग चीड आली ती वेगळीच. एवढे रेडिएटर, एवढे पंप, आणि इतक्या वर्षांत एकाही माणसाला हे सुचलं नाही.

पण वॉल आणायचा कुठून? जी वस्तू सगळा जिल्हा काढून फेकतो ती दुकानदार कशाला ठेवेल? अमरावतीत नाही. अकोल्याला गेलो, तर जुन्या सामानाचा दुकानदार म्हणाला, "लावाले पाह्यजे? लोकं तं काढाले येतात!" त्यानं हसत हसत एक दिला. बसला व्यवस्थित. चक्कर मारली आणि काटा पुन्हा लालात. नानांनी ताबडतोब जाहीर केलं, "मामूचा वॉल फेल!" कोणी फटाक्यांची चित्रं टाकली.

मामू म्हणाले, "बाहेर काढ, आडवा धर, फोटो पाठव." पाठवला. "याले खालची चकती कुठी हाय? हा दुसऱ्या गाडीचा. वरून सारखा दिसते. लहान वाट बुजवाले खाली चकती लागते. कोणं दिला? अकोल्याचा दिसते."

नाना म्हणाले, "आता अकोल्याले काहून मधात आणता?"

मी फोन बाजूला ठेवून दिला. झेंडूची तोड जवळ आली होती. बाबा गाडीच्या फळीवरचे खिळे काढत होते. भंगारात लाकडाला भाव येत नाही, म्हणून फळ्या आधीच काढून ठेवायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मामूंचा फोन आला. पहिल्यांदाच फोन, निरोप नाही. "अमरावती स्टँडवर जा. परतवाड्याची गाडी येऊन राह्यली. ड्रायव्हरजवळ एक पुडकं देल्लं. ड्रायव्हर मिशीवाला हाय." मी गेलो. परतवाड्याहून गाड्या येत होत्या आणि प्रत्येक ड्रायव्हरला मिशी. एकानं मला झापलं, "मी काय पोस्टमन हाय का बे?" दुपार उलटली. शेवटी एका भरगच्च मिशीच्या ड्रायव्हरनं सीटमागून पिवळ्या मंडपाच्या कापडात बांधलेलं पुडकं काढलं आणि म्हणाला, "मामूनं सांगतलं, आडवा धरून पाहाले सांगजा." धरून पाहिला. खाली चकती होती.

दसऱ्याच्या आदल्या पहाटे निघालो. मामूंनी एकच सांगितलं होतं, "तू रस्त्याकडे पाह्य. काटा पाहाले बापाले बसव." बाबा डोळे बारीक करून काट्याजवळ तोंड नेऊन बसले होते. चढ आला, गेला. जिथे आम्ही नेहमी थांबायचो ते बाभळीचं झाड मागे पडलं. नांदगाव पेठच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या कामगारांच्या गाड्या दिसायला लागल्या तरी बाबांनी काट्यावरून तोंड काढलं नाही. मीच विचारलं, "काटा?"

"मधात हाय."

बाजारात झेंडू उतरवला तेव्हा त्याच्यावर दव होतं. बाबांनी चहा घेतला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "त्या भंगारवाल्याले फोन लाव. नको येऊ म्हणा."

ग्रुपवर मी सगळं सविस्तर लिहिलं. नाना म्हणाले, "योगायोग!" त्यानंतर दर्यापूरच्या एकाची गाडी तापली, तर चार जणांनी लिहिलं, वॉल काढून टाक. मला एवढा संताप आला की फोन भिंतीवर मारावासा वाटला. मामूंनी मात्र खोकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. वरचा पाईप, खालचा पाईप, लहान पाईप. मी त्यांना म्हणालो, मागचं वाचा म्हणून सांगा ना त्याला. ते म्हणाले, "त्याची गाडी आज तापली. त्यानं मागचं काहून वाचावं?" रागवत, वैतागत, पण दर खेपेला सगळं सांगत. कोणाचं अर्धवट सोडलं नाही.

सण झाल्यावर मी अचलपूरला गेलो, त्यांचा वॉल परत द्यायला. मला तोवर नागपूरच्या एका जुन्या दुकानात दुसरा चकतीवाला मिळाला होता, तोही बसवण्याआधी दाखवायला सोबत घेतला होता. आवाजावरून मला वाटलं होतं धिप्पाड गडी असेल. खुर्च्यांच्या थप्प्यांमधून एक किडकिडीत, पांढऱ्या दाढीचा माणूस बाहेर आला आणि म्हणाला, "चांदूर? एवढ्यासाठी बसनं आला? ड्रायव्हरजवळ देता नाई आलं?" मामींनी ताट वाढलं. बाहेर हातगाडीवर खुर्च्या चढवणं चाललं होतं. मी विचारलं, "हातगाडीवर काहून? तुमची गाडी?"

"आराम करून राह्यली."

गाडी शेडमध्ये होती. बॉनेट उघडं, वरचा पाईप निघालेला, लोंबत होता. तेव्हा कळलं की मला पाठवलेला वॉल दुकानातला नव्हता, याच गाडीतून काढलेला होता. तेव्हापासून लग्नाचं सामान ते हातगाडीनं नेत होते. मी वॉल पुढे केला. त्यांनी हात मागे घेतला. "तुह्या गाडीत बसला, चालला. चालून राह्यलेल्या गाडीचं सामान काढत नसतात. तुह्याजवळचा तो नागपूरवाला दाखव." दाखवला. आडवा धरला आणि हसले. चकती होती, पण माप लहान. म्हणाले, "परतवाड्यात लेथवाला हाय. याले मोठी चकती लावून घेतो. तू जेव."

मी पोटभर जेवलो, नागपूरचा वॉल त्यांच्याकडे ठेवला आणि परत आलो. मामूंचा वॉल परत आमच्याच गाडीत बसला.

आता सगळ्यात जास्त चीड कशाची, ते सांगतो. गाडी कधी नव्हे ती ठणठणीत झाली आणि तिच्यात भरायला काही उरलं नाही. पुढच्या दोन वर्षांत विहिरी आटल्या. माळ्यांनी आधी शेवंती सोडली, मग झेंडू. शेवटी वाडीत घरापुरती वांगी. मी सकाळी गाडी सुरू करायचो, तिचा आवाज ऐकायचो आणि बंद करायचो. ओळखीच्या एका मुकादमानं कच्छात मिठाच्या आगरावर गाड्या सांभाळायचं काम आहे म्हणून सांगितलं. निघताना मामूंना फोन केला. मागे पाईप वाजत होते. मग म्हणाले, "गाडीचा इलाज मी सांगू शकतो, बेटा. आभाळाचं मले समजत नाई." आणि लगेच, "मिठात चालला. मीठ लोखंड खाते. गाड्या खालून गोड्या पाण्यानं धुवत जाय."

इथे मी तेच करतो. टँकर, ट्रॅक्टर, सगळं खालून धुतो. कोणी दोन गोष्टी एकदम बदलल्या की ओरडतो, आणि लोक माझ्यावर वैतागतात. दुपारच्या सुट्टीत ग्रुप उघडतो. ज्याची गाडी तापली त्याला तीन पाईपांचं सांगतो. मला मामूंसारखं बोलता येत नाही, मी लिहितो.

मागच्या उन्हाळ्यापासून मामूंचा खोकला ग्रुपवर आला नाही. मी निरोप ठेवले, उत्तर नाही. शेवटी नानांचा फोन आला. गुलाबवाले नाना, पण आवाज अगदी खाली. "मामूच्या गाडीचं हेड फाटलं रे, इंजिनाचं वरचं झाकणच. चिखलदऱ्याच्या घाटात, बिछायतीचं सामान घेऊन जातानी. लेथवर लावलेली ती चकती निघून पडली आन् इंजिन तापलं. मी जाऊन आलो. पोट्टे म्हणतात भंगारात द्या, आता लहान टेम्पोत भागते. मामू म्हणतात, पावसाळा जाऊ द्या."

मी लगेच मामूंना फोन केला आणि पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो. एवढ्या लोकांना इलाज सांगता, स्वतःची गाडी गेली तर ग्रुपवर एक शब्द नाही? ते म्हणाले, "कोणाले विचारू? तुमी सगळे म्हणले असते, वॉल काढून टाका."

मला हसू आलं. फोन ठेवल्यावर मात्र मीठ पांढरं दिसत होतं की काळं, ते कळेना. त्यांचा खरा वॉल चांदूर रेल्वेजवळ आमच्या अंगणात, रिकाम्या गाडीत बसलेला आहे.

तेव्हापासून नाकवालीचं हेड शोधतो आहे. गांधीधामच्या भंगार बाजारात एक सापडलं, त्याला केसाएवढी चीर. दुसऱ्याची भोकं जुळत नव्हती. मुकादम सुट्टी देत नाही. दिवस हातातून चालले आहेत आणि अचलपुरात मुलं भंगारवाल्याशी बोलत असतील. परवा बाबांना फोनवर विचारलं, नाहीच मिळालं तर आपल्या गाडीचं हेड उतरवलं तर चालेल का? मला वाटलं, बाबा विचार करतील. ते म्हणाले, "कोणता पाना लागते तेवढं सांग. तू येवलोक नट ढिले करून ठेवतो."

मामू, तुमच्यासाठी हे कोणी तरी मोठ्यानं वाचेल, म्हणून सरळ सांगतो. पावसाळ्यानंतर म्हणालात ना, तर दिवाळीपर्यंत थांबा. भंगारवाल्याला चहा पाजा, पण शेडपर्यंत येऊ देऊ नका. सुट्टी मिळो न मिळो, दिवाळीला मी हेड आणि तुमचा वॉल घेऊन येतो, आणि तुमची गाडी चालू झाल्याशिवाय अचलपूर सोडत नाही.